बाहेरून काढून आणलेली प्री-बोन्साय झाडं विकायचीयत आणि मे अखेर ठाणं सोडायचंय, काय करावं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मानपाड्याला गच्चीवर ३८ झाडं, सगळी बाहेरून काढून आणलेली प्री-बोन्साय, म्हणजे पुढे बोन्साय करायची कच्ची झाडं, त्यात वड पिंपळ उंबर जास्त, चार बोगनवेली, थोडी कुंती, दोन चिंचा. मे अखेरीला बंगळूरला शिफ्ट व्हायचंय, तिथल्या फ्लॅटला एकच बाल्कनी. तुम्ही विचारलंय की एका झाडाचे किती लावू आणि सुटी विकू का सगळा लॉट नर्सरीला देऊन मोकळा होऊ. मी ठाण्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, जुन्या भिंतीतली, पाडकामातली झाडं काढून वाढवतो आणि विकतो, त्यामुळे माझ्या पद्धतीने सांगतो. तुमची झाडं मी बघितलेली नाहीत, तेवढं धरून वाचा.

किमतीकडे नंतर येऊ. आधी हे बघावं लागेल की ३८ पैकी विकण्यासारखी किती आहेत. काढून आणलेल्या झाडात घेणारा बुंध्याचे पैसे देतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर तो खात्रीचे पैसे देतो, की हे झाड माझ्या घरी आल्यावर जगेल. जाड बुंधा कुठेही मिळतो हो, नौपाड्यात पाचपाखाडीत एवढ्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला गेल्यात की मनगटाएवढे पिंपळ डंपरमधून जातायत. तो कुंडीत लागलेला, मुळं धरलेला मिळणं हे अवघड. तुमची जी काही दोनतीन वर्षांची मेहनत आहे ती तिथे आहे आणि तिचेच पैसे मिळणार.

इथे नवीन लोकांची एक गल्लत होते. झाडाला पानं फुटली म्हणजे ते लागलं असं ते धरून चालतात. वड-पिंपळाच्या जाड खोडात एवढा साठा असतो की मुळं नसतानाही ते दोनतीन वेळा मस्त फुटतं, हिरवंगार दिसतं, आणि साठा संपला की एका आठवड्यात पानं लोंबून मान टाकतं. नेमकं अशा वेळी ते विकलेलं असलं तर घेणारा म्हणतो मला मरकं झाड दिलं, आणि त्याचं चूक नसतं. फुटवा हा जुन्या शिलकीवरचा असतो, नवीन कमाई मुळांकडून यायला लागली की नाही ते वेगळं तपासावं लागतं.

तपासायची सोपी रीत सांगतो. आदल्या दिवशी पाणी घातलेलं असावं, माती ओलसर पण चिखल नाही. एका हाताने कुंडीची कड धरायची, दुसऱ्या हाताने बुंधा अगदी मातीलगत धरायचा आणि हळूच, म्हणजे खरंच हळूच, पुढे मागे हलवायचा. मातीचा सगळा गोळा बुंध्याबरोबर एकसंध हलला तर झाड लागलंय. बुंधा एकटाच हलला आणि त्याच्याभोवती मातीत बारीक गोल भेग पडली तर मुळं अजून धरलेली नाहीत, ते झाड तिथेच ठेवा, परत हलवू नका. मग कुंडी कलती करून खालच्या भोकात बघा. पांढरी किंवा पिवळसर कोवळी टोकं दिसली तर उत्तम. काळं, बोटाने दाबल्यावर साल सुटणारं मूळ दिसलं तर पाणी साचतंय. घमेल्यात लावलेल्या झाडांचं हे हमखास होतं कारण घमेल्याला भोकं पाडताना आपण दोनतीनच पाडतो आणि तीही नेमकी तळाच्या उंच भागात, सगळ्यात खोल जागी नाही.

ही तपासणी करून तीन ढीग करा. पहिला, ज्यांनी कुंडीत किमान एक पूर्ण पावसाळा काढलाय आणि गोळा एकसंध आहे, ही विकायची. दुसरा, मागच्या पावसाळ्यानंतर म्हणजे दिवाळी ते आत्तापर्यंत काढलेली, पानं आहेत पण भरवसा नाही, ही विकायची नाहीत, त्यांचं काय करायचं ते खाली सांगतो. तिसरा, ज्यात मुळात काही दम नाही, सरळ दांडक्यासारखी, बुंधा वर-खाली एकाच जाडीचा, मोठा काप कुजलेला. ही उगाच तुमची जागा आणि पाणी खातायत, कुणाला हवी असली तर फुकट द्या. मला वाटतं तुमच्या ३८ मध्ये पहिल्या ढिगात वीसेक निघतील, पण तो अंदाज झाला.

भिंतीतून काढलेल्या झाडांचं एक वेगळं बघायला लागतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडतं, तिथेच मूळ चपटं होत पसरतं, त्यामुळे मुळं पंख्यासारखी एकाच बाजूला असतात आणि दुसरी बाजू बोडकी. काहीत मुळांच्या बेचक्यात विटेचा तुकडा किंवा जुन्या चुन्याचा गोळा घट्ट अडकलेला असतो. तो काढायची घाई अजिबात करू नका, विकायच्या आधी तर नाहीच. एकतर तो काढताना बारीक मुळं तुटतात, आणि दुसरं म्हणजे खडकावर मुळं पसरलेली स्टाईल करणाऱ्या माणसाला तेच हवं असतं. माझ्याकडून एक उंबर गेला तो त्या विटेमुळेच गेला, घेणाऱ्याने दुसरं काही बघितलंच नाही. फक्त फोटोत ती बोडकी बाजू पण दाखवा, लपवू नका.

आता झाडं आणली कुठून हा विषय, तो टाळून चालणार नाही. बोन्सायवाले जाणते लोक पहिलं हेच विचारतात. पाडकामातली, सोसायटीच्या भिंतीतली, कुणाच्या खासगी प्लॉटमधली असतील तर सहसा अडचण येत नाही, मालकाने किंवा सेक्रेटरीने काढून न्या म्हटलेला व्हॉट्सॲप मेसेज असेल तर जपून ठेवा. पण येऊरच्या बाजूने आणलेलं करवंद किंवा अजून काही त्यात असेल तर ते विक्रीला काढू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द तिथे आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आतून काहीही उपटून आणणं गुन्हा आहे. खाडीकाठच्या कांदळवनाचंही तसंच, तिथलं काही असेल तर फोटोसुद्धा टाकू नका. शहरात उभं मोठं झाड काढायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे तुम्हाला माहीत असेल, भिंतीतल्या वीतभर रोपाला कुणी विचारत नाही पण रस्त्याकडेचं किंवा खासगी प्लॉटमधलंही मोठं काही काढलं असेल तर तो प्रश्न येऊ शकतो. हे सांगतोय कारण विकताना तुम्ही एका जागी ३८ झाडं मांडणार, चार लोकं बघणार, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

वेळेचं गणित तुमच्या बाजूने आहे आणि नाहीही. आत्ता मार्च आहे. बोगनवेल आत्ता फुलावर असते, म्हणून ती आत्ताच विका, पहिल्या आठवड्यात. फुलं असताना जी बोगनवेल लोक हसत घेतात तीच जुलैत नुसत्या पानांवर असताना कुणी बघत नाही. पिंपळाला आत्ता ती तांबूस कोवळी पालवी येते, फोटो काढायला याच्याइतका चांगला काळ नाही. वडाला मात्र पावसाच्या तोंडावर मागणी येते. एक तर पुढे पाऊस असल्यामुळे घेणाऱ्याला कुंडी बदलायला मुळं छाटायला धीर येतो, आणि दुसरं वटपौर्णिमा. हल्ली फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायका फांदी तोडून आणण्यापेक्षा कुंडीतला वड पूजतात, आमच्याकडे दरवर्षी त्याच्यासाठी आधीपासून विचारणा होते. वटपौर्णिमा बहुतेक जूनमध्ये येते, तेव्हा तुम्ही नसणार, पण मे महिन्यात सांगून ठेवलेले वड त्यासाठी जातील. पिंपळाचं उलटं आहे, मुंजाच्या भीतीने घरात ठेवायला पुष्कळ लोक नाही म्हणतात, आणि ठेवला तरी छाटायला हात धजत नाही. म्हणून पिंपळ सरसकट सगळ्यांना विकायला जाऊ नका, तो बोन्साय करणाऱ्यांनाच दाखवा.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, लादी एवढी तापते की प्लास्टिकच्या कुंडीतलं पाणी कोमट लागतं. विक्री होईपर्यंत सगळी झाडं विटांवर उचलून ठेवा, वर ५० टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट, आणि पाणी सकाळी लवकर. विकायला काढलेलं झाड त्या दोन महिन्यांत दमलं तर सगळंच मुसळ केरात.

किंमत. सगळीकडे लागू होईल असा भाव नाही, जात, बुंधा, कुंडीतला काळ, घेणारा कोण, यावर ती हलते. मी कसं लावतो ते सांगतो. आधी कुंडी, माती, खत यांचा खर्च धरतो, तो झाडामागे दोनतीनशे तरी असतोच. मग मनगटाएवढा बुंधा, खाली मुळांचा पसारा दिसतोय, दोन पावसाळे काढलेत असा वड असेल तर दोन ते तीन हजार. तसाच पिंपळ त्याच्या निम्म्यात सोडतो. उंबर अजून कमी, कारण लाकूड मऊ आणि मोठा काप नीट भरला नाही तर आतून कुजत जातो, पानंही मोठी राहतात, पण खोडावर फळं धरलेली असतील तर गोष्ट वेगळी, मग अडून बसा. कुंतीला कमी समजू नका. जुन्या सोसायटीच्या कुंपणातल्या कुंतीचं लाकूड आवळलेलं, पिळदार, पान आपोआप बारीक, तिला जाणकार माणूस वडापेक्षा जास्त देतो. चिंच हळू वाढते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे जाड बुंध्याची चिंच असेल तर तीही सगळ्यात शेवटी सोडा. इंटरनेटवर तयार बोन्सायचे भाव बघून आपली किंमत लावू नका. ती झाडं फांद्या तयार झालेली, तार गुंडाळून फांद्यांना वळण दिलेली, ट्रेमध्ये बसलेली असतात, तुमची कच्ची आहेत आणि पुढची पाचसहा वर्षं घेणाऱ्याला काम करायचंय.

सुटी का लॉट. नर्सरीवाला लॉट घेईल, घोडबंदर रोडवर आणि तिकडे नवी मुंबईत बरेच आहेत, पण तो सुट्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वर जाणार नाही. त्याचंही बरोबर आहे, त्याला जागा अडकवायचीय, माणसाचा पगार द्यायचाय आणि झाड कधी जाईल माहीत नाही. माझा वैयक्तिक आक्षेप पैशाचा नाहीये. नर्सरीत ही झाडं शोभेच्या रोपांच्या रांगेत जातात, सगळ्यांना एकच पाईपने पाणी, कुणी फांदी मोडली तरी लक्ष नसतं, आणि तुम्ही तीन वर्षं ज्या फांदीसाठी थांबलात ती पहिल्या महिन्यात छाटून गोल गरगरीत करतात. हे मला बघवत नाही म्हणून सांगतो, आधी एप्रिल संपेपर्यंत सुटी विका, बोन्साय करणाऱ्यांना. मुंबईत इंडो-जपानी असोसिएशनचा बोन्साय स्टडी ग्रुप आहे, ठाण्यात महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन भरतं तिथे झाडं मांडणारे लोक आहेत, एकाचा नंबर मिळाला की दहा मिळतात. या लोकांना एकेक झाड दाखवा. आणि उरलेला लॉट नर्सरीला देताना त्यात दोन चांगली झाडं मुद्दाम ठेवा. नुसता गाळ उरला की कुणी टेम्पो पाठवत नाही, मग शेवटच्या आठवड्यात सामान बांधता बांधता तुम्ही ती वॉचमनला देऊन मोकळे व्हाल.

फोटो काढताना मागे साधी चादर, सकाळचं ऊन, आणि शेजारी पाण्याची लिटरची बाटली, म्हणजे मापाचा अंदाज येतो. समोरून, मागून, आणि बुंध्याचा जवळून, हा तिसरा फोटोच झाड विकतो. मातीवरचं शेवाळ-गवत काढून मुळांचा पसारा थोडा मोकळा करा, पेंटिंगच्या ब्रशने माती झाडली तरी पुरे. पण विकायला चांगलं दिसावं म्हणून आत्ता तार लावणं, जोरात छाटणं, नवीन महागाच्या कुंडीत बसवणं यातलं काही करू नका, जाणत्या माणसाला ते आवडत नाही, आणि उन्हाळ्यात अनोळखी घरी जाणाऱ्या झाडाला तो आणखी एक धक्का. प्रत्येक झाडाबरोबर एक चिठ्ठी द्या. जात, कधी आणि कुठून काढलं, मुळं शेवटची कधी छाटली, माती कसली, म्हणजे कोकोपीट किती विटेची खडी किती. तारीख पक्की आठवत नसेल तर पावसाळ्याच्या आधी का नंतर एवढं लिहा. या चिठ्ठीने भाव वाढतो हा माझा अनुभव आहे, आणि झाड जगण्याची शक्यता तर नक्कीच वाढते कारण पुढचा माणूस लगेच परत मुळं छाटत नाही.

व्यवहाराचं थोडं. "नंतर घेऊन जातो" म्हणणाऱ्याकडून निम्मे पैसे लगेच यूपीआयने घ्या आणि नेण्याची तारीख लिहून घ्या, नाहीतर २५ मेपर्यंत बुक केलेली दहा झाडं तुमच्याच गच्चीवर असतील. झाड न्यायचं असेल तेव्हा पाणी आदल्या संध्याकाळी घाला, त्या सकाळी नको, ओल्या मातीचं घमेलं दोघांनाही उचलत नाही. उचलताना कुंडी धरायची, बुंधा धरून कुणी उचलायला लागला तर सरळ हात धरा त्याचा. माती जुन्या कापडाने बुंध्याभोवती बांधा, छोटी झाडं भाजीच्या कॅरेटमध्ये घट्ट बसवा. सोसायटीत सामान बाहेर काढायला गेट पास लागत असेल तर आधीच सांगून ठेवा. छोटा हत्ती केला तर सकाळी सहा-सातला निघेल असं बघा आणि वर नेट बांधा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दुपारी तासभर उघड्यावर उभी राहिली की कोवळी पानं करपतात.

आता तो दुसरा ढीग, नवीन काढलेली झाडं. ती सहा-सात असतील असं धरतो. त्यांना आत्ता हलवणं म्हणजे मारणंच आहे, आणि विकणं तर चूकच. ज्याला बोन्सायची आवड आहे आणि ज्याची गच्ची किंवा अंगण जवळ आहे अशा एकाला ती सांभाळायला द्या, आणि सरळ ठरवा की दिवाळीपर्यंत जगली तर निम्मी त्याची, निम्मी तो विकून पैसे पाठवेल, किंवा सगळी त्याचीच. पैसे फार मिळणार नाहीत पण झाडं एका जागी राहून पावसाळा काढतील, आणि त्यांना तेवढंच हवंय. सोसायटीच्या माळीबुवांना द्यायचा विचार असेल तर त्यांना नीट समजावून सांगा, ते प्रेमाने शेणखत घालतात आणि नुकत्या कापलेल्या मुळांना तेच बाधतं. यातलं कुठलंही पिंपळ-वडाचं झाड बिल्डिंगजवळ जमिनीत मात्र लावून देऊ नका, पुढे त्याच भिंती फुटतात आणि ते परत तोडलं जातं.

बंगळूरला काही न्यायचंच असेल तर दोन न्या, तीन नको. पॅकर्सवाले बहुतेक झाडं घेत नाहीत, घेतली तरी जबाबदारी घेत नाहीत, आणि बंद कंटेनरमध्ये दीड-दोन दिवस अंधारात, उकाड्यात जातात. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर मागच्या सीटखाली बसेल अशा मापाची निवडा. एक वड, पूर्ण लागलेला, आणि एक कुंती, असं मी निवडलं असतं, वडाला गाडीतल्या प्रवासाचं काही वाटत नाही आणि कुंती अर्ध्या उन्हाच्या बाल्कनीत पण चालते. तिकडे हवा थंड, त्यामुळे पाणी इथल्यापेक्षा कमी लागेल, पहिला महिना हात राखून घाला.

तर आत्ता या शनिवार-रविवारी फक्त तीन ढीग करा आणि बोगनवेलींचे फोटो काढा, बाकी नंतर. कुंत्यांचे आणि दोन चिंचांचे बुंध्याजवळचे फोटो इथे टाकलेत तर कोणती आधी काढायची आणि कोणती अडवून ठेवायची ते बघून सांगतो.